तहानंतरचे राजकारण : उदगीर, खर्डा आणि संगणकावरची दख्खन

गेल्या दिवाळीत माझा भाचा सुट्टीला लातूरला आला होता. तो पुण्यात संगणकाचे शिक्षण घेतो. फराळ झाल्यावर त्याने लॅपटॉप उघडून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "मामा, मला उदगीरच्या तहाचा एक तक्ता करून द्या. कोणाला किती मुलूख, किती पैसा, किती वर्षं शांतता. एवढंच पाहिजे."

तो आणि त्याचे मित्र 'युरोपा युनिव्हर्सालिस' नावाचा व्हिडिओ गेम खेळतात. एखादे राज्य घ्यायचे, फौज उभारायची, व्यापार वाढवायचा, शेजाऱ्यांशी तह किंवा लढाई करायची, असा हा राज्यकारभाराचा खेळ आहे. त्याचे नियम आणि नकाशे बदलून स्वतःची आवृत्ती तयार करण्याची मुभा खेळणाऱ्यांना असते. अशा आवृत्तीला ही मुले 'मॉड' म्हणतात. त्यांना अठराव्या शतकातल्या दख्खनचा मॉड करायचा होता, आणि त्यातला मुत्सद्देगिरीचा भाग मूळ खेळापेक्षा खरा व्हावा अशी त्यांची इच्छा होती.

उदगीर आमच्याच जिल्ह्यातले. त्या लढाईवर आणि तहावर मी वीसेक वर्षे वाचत आलो आहे. तक्त्याला एक संध्याकाळ पुरेल असे मला वाटले. त्याला वर्ष लागले आणि तक्ता अजून पुरा झालेला नाही. तो का होत नाही, याचा शोध घेताना आपल्याच इतिहासाबद्दलची माझी एक समजूत मला मोडावी लागली. हा लेख त्या शोधाचा आहे.

खेळातला तह

ज्या वाचकांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडी माहिती दिली पाहिजे. 'युरोपा युनिव्हर्सालिस'ची चौथी आवृत्ती स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीने २०१३ मध्ये आणली. खेळ ११ नोव्हेंबर १४४४ या दिवशी सुरू होतो. त्या वेळी आपल्या भागात बहमनी राज्य होते. नकाशावरच्या प्रत्येक प्रांताला एक मालक आणि त्या मालकाचा एक रंग असतो. दुसऱ्या राज्याचे आपल्याविषयी काय मत आहे ते उणे २०० ते अधिक २०० अशा आकड्यात समोर दिसते. लढाई सुरू झाली की विजयाचे गुण साठतात, शंभरापर्यंत. तहाच्या वेळी हे गुण खर्चून प्रांत, पैसा किंवा मानहानी विकत घ्यायची. तहावर शिक्का बसताच प्रांताचा रंग बदलतो आणि पुढे ५ ते १५ वर्षे दोघांमध्ये युद्धबंदी असते.

'एम्पायर : टोटल वॉर' या २००९ च्या खेळात तर मराठे हे खेळता येणारे राज्य आहे आणि खेळ १७०० पासून सुरू होतो. 'सिव्हिलायझेशन' ही मालिका १९९१ पासून चालू आहे. त्या पहिल्या खेळातल्या गांधीजींविषयी एक आख्यायिका जगभर पसरली होती. त्यांच्या आक्रमकतेचा आकडा मुळातच सर्वांत कमी ठेवलेला. तो आणखी घटला की गणिताच्या चुकीमुळे थेट २५५ वर जाई आणि गांधीजी अणुबॉम्ब टाकू लागत, अशी ती कथा. खेळाचे कर्ते सिड मायर यांनी २०२० च्या आत्मकथनात अशी चूक खेळात नव्हतीच असे सांगितले. तरी लाखो लोकांना ती कथा पटली होती. माणसाचा स्वभाव आणि राज्याचे धोरण म्हणजे कुठेतरी ठेवलेला एक आकडा, हे खेळणाऱ्यांनी इतके गृहीत धरले आहे.

हे खेळ टाकाऊ आहेत असे मी म्हणत नाही. भाच्याच्या खेळात मला एक गोष्ट फार आवडली. एखादे राज्य भराभर मुलूख गिळू लागले की शेजाऱ्यांच्या मनात त्याच्याविषयी धास्ती साठते आणि ते सारे त्याच्याविरुद्ध एक होतात. विजयाची किंमत पुढे मोजावी लागते, हे आपल्या शाळेच्या पुस्तकांपेक्षा या खेळाने मुलांना अधिक नीट शिकवले आहे. अडचण तहापाशी येते. खेळात तह म्हणजे लढाईचा शेवट. आमच्या दख्खनेत तो शेवट नव्हता.

साठ लाखांचा प्रवास

उदगीरची हकीकत थोडक्यात अशी. १७५९ मध्ये अहमदनगरचा किल्ला पेशव्यांच्या हाती आला तो लढून नव्हे, किल्लेदार कवीजंग याला वश करून. त्यावरून निजामाशी युद्ध जुंपले. सदाशिवरावभाऊ, रघुनाथराव आणि विश्वासराव फौज घेऊन आले. निजाम सलाबतजंग व त्याचा भाऊ निजामअली उदगीरहून धारूरकडे सरकत असताना मराठ्यांनी त्यांना औशाच्या आसपास गाठले. ३ फेब्रुवारी १७६० रोजी निर्णायक झुंज झाली. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी मोठे काम केले. हा इब्राहिमखान काही काळापूर्वी निजामअलीच्याच चाकरीत होता. मग तह झाला. सुमारे ६० लाखांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर अशी मोक्याची ठिकाणे मराठ्यांना मिळाली.

भाच्याने हे आकडे टिपून घेतले आणि नकाशावर भगवा रंग भरला. मी त्याला थांबवले.

"साठ लाखांचा मुलूख" हे शब्द पाहावेत. त्यात कोस नाहीत, गावे नाहीत. वसुलाचा आकडा आहे. तहात ठरे ती रक्कम. तेवढ्या रकमेचे कोणते परगणे, त्यांचा आकार जुन्या कागदावरचा धरायचा की चालू वसुलाचा, उजाड गावे कोणाच्या वाट्याला टाकायची, याची बोलणी पुढे कारकून आणि वकील करीत. सनद हाती पडणे आणि ठाणे हाती पडणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. दोहोंच्या मध्ये किल्लेदाराची समजूत, शिबंदीचा थकलेला पगार आणि त्या वर्षीचा पाऊस असे.

आणि काळही. उदगीरनंतर वर्षाच्या आत, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपत झाले. भाऊ, विश्वासराव आणि इब्राहिमखान तिघेही गेले. जूनमध्ये नानासाहेब पेशवे वारले. वर्ष संपण्यापूर्वी निजामअली पुण्याच्या रोखाने निघाला. वाटेत टोके येथील देवळांची नासधूस झाली. जानेवारी १७६२ मध्ये उरुळीपाशी तडजोड होऊन उदगीरला मिळालेल्या मुलखाचा काही भाग परत द्यावा लागला. त्याच वर्षी रघुनाथराव पुतण्याविरुद्ध, माधवरावाविरुद्ध, उठले आणि त्यांनी निजामअलीचीच मदत घेतली. मोबदला म्हणून दौलताबादेसह सुमारे ५० लाखांचा मुलूख देऊ केला. काका-पुतण्याचे जमल्यावर हे वचन पाळले गेले नाही. निजामअली पुन्हा निघाला. या वेळी नागपूरकर जानोजी भोसले आणि मिरजेचे गोपाळराव पटवर्धन त्याच्या बाजूला होते. १७६३ च्या उन्हाळ्यात पुणे लुटले व जाळले गेले. मग जानोजींना फोडण्यात आले आणि १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदाकाठी राक्षसभुवनला निजामाचा पराभव झाला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर रणात पडला.

साडेतीन वर्षांत हा मुलूख कागदावर किती वेळा इकडून तिकडे गेला ते पाहावे. पुणे जाळणाऱ्या बाजूला मराठे सरदार होते आणि निजामाचा दिवाण मराठी बोलणारा ब्राह्मण होता. धनाजी जाधवांचा मुलगा चंद्रसेन तर त्याच्या दोन पिढ्या आधीच निजामाकडे गेलेला. नकाशावर दोन रंग भरून हे कसे दाखवायचे?

इथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी उदगीरवर एक लेख लिहिला होता. तो तहाच्या कलमांपाशी संपला होता. साठ लाख मिळाले, विजय झाला, लेख संपला. भाच्याच्या खेळातही नेमके हेच होते. मी त्या खेळाला नावे ठेवीत होतो, पण माझ्या लेखाची रीत तीच होती.

एक गाव, दोन धनी

दुसरी अडचण अधिक खोल आहे. खेळातल्या प्रांताला एकच मालक असतो. अठराव्या शतकात नांदेड-लातूरच्या गावांना तो क्वचितच एक असे.

शहाजहानच्या वेळी दख्खनचे चार सुभे होते. त्यांतल्या तेलंगण सुभ्याचे मुख्य ठाणे नांदेड आणि त्याचा किल्ला कंधार. औरंगजेबानंतर दख्खनचे सहा सुभे धरले जात. खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बेदर, हैदराबाद आणि विजापूर. नांदेड बेदर सुभ्यात मोडे. मार्च १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून या सहाही सुभ्यांवरच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा मिळवल्या. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे आणखी दहावा. मिळून शंभरात पस्तीस. त्या बदल्यात शाहूमहाराजांनी पंधरा हजार स्वारांनी बादशाही चाकरी करायची होती. येसूबाईंची सुटका याच व्यवहारात झाली. एकोणतीस-तीस वर्षे त्या मोगलांच्या कैदेत होत्या.

म्हणजे सुभा बादशहाचा, कारभार सुभेदाराचा आणि पस्तीस टक्के छत्रपतींचे. निजामुल्मुल्क १७२४ पासून दख्खनेत स्वतंत्र झाला तरी हा हक्क संपला नाही. निजामाच्या अंमलदाराबरोबर त्याच मुलखात मराठ्यांचा कमाविसदारही फिरे. जुन्या कागदांत याला दुअंमल म्हणत. चौथाईचे पुढे आणखी तुकडे होत. तिच्यातला चौथा भाग राजबाबती, शेकडा सहा साहोत्रा पंतसचिवांकडे, शेकडा तीन नाडगौडा छत्रपतींच्या मर्जीतल्या माणसाला आणि उरलेला शेकडा सहासष्ट मोकासा सरदारांना. एका गावच्या धान्याच्या राशीतून इतके हिस्से निघत.

या व्यवस्थेतले डावपेच बारकाईने पाहण्यासारखे आहेत. निजामाने १७२७ मध्ये चौथाई बंद केली तेव्हा चौथाई मान्य नाही असे तो म्हणाला नाही. साताऱ्याचे शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी या दोघांत खरा धनी कोण ते ठरू दे, मग ज्याची त्याला देऊ, असे तो म्हणाला आणि निवाडा करण्याचा मान स्वतःकडे घेतला. एका वाक्यात त्याने वसूल थांबवला, घरातली फूट जागी केली आणि न्यायाधीशाची खुर्चीही बळकावली. त्याचे उत्तर बाजीरावाने २८ फेब्रुवारी १७२८ ला पालखेडला दिले आणि ६ मार्चच्या मुंगी-शेवगावच्या तहात निजामाने शाहूंचा हक्क पुन्हा कबूल केला. या विजयानंतरही निजामाचा एक गुंठा नकाशावरून पुसला गेला नाही. बाजीरावाला तो पुसायचाही नव्हता. त्याला वाटा हवा होता.

भाच्याने सांगितले की त्यांच्या खेळात मांडलिक राज्य खंडणी देते. मी म्हटले, ते वेगळे. मांडलिक राज्याचा राजा खजिन्यातून खंडणी देतो. चौथाईत दुसऱ्याचा माणूस आपल्या गावात येऊन बसतो. म्हणूनच हैदराबादच्या आसपास तरी मराठी वसुलदार नको, त्याऐवजी रोख रक्कम घ्या, असा निजामाचा प्रयत्न होता. पैसे देण्यापेक्षा माणूस येणे त्याला अधिक बोचत होते. खेळात ही बोच दाखवायची तर प्रांताला रंग देण्याऐवजी वाटे द्यावे लागतील आणि प्रत्येक वाट्यामागे तो गोळा करणारा माणूस ठेवावा लागेल.

वकील आणि ओलीस

खेळात वकील असतो, पण तो सोंगटीसारखा. दोन-तीन वकील मिळतात. त्यांना कुठेही पाठवा, काम सारखेच. ज्यांनी गोविंदराव काळे यांचे नाव ऐकले आहे त्यांना याचे हसू येईल. काळे हैदराबादेत पुण्याचे वकील होते. निजामाच्या दरबारात कोण चढला, कोण उतरला, दिवाणाच्या मनात काय आहे, इंग्रज रेसिडेंट कोणाला भेटला, हे पुण्याला त्यांच्या पत्रांतून कळे. नाना फडणिसांपुढे निजामाच्या मताचा आकडा नव्हता, काळ्यांचे पत्र होते. ते पत्र काही दिवसांपूर्वीचे असे, आणि काळ्यांचा अंदाज चुकूही शके.

१७९० नंतर चौथाईच्या थकबाकीचा वाद पेटला. निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क याने दरबारात आग्रह धरला की नानांनी स्वतः हैदराबादेस येऊन हिशेब समजावून द्यावा. हे पुण्याच्या वकिलासमोर बोलले गेले. तंटा पैशाचा होता, तो आता मानाचाही झाला. ११ मार्च १७९५ रोजी आजच्या जामखेड तालुक्यात खर्ड्याला लढाई झाली आणि निजाम खर्ड्याच्या गढीत कोंडला गेला. तहात दौलताबादेसह तीस-पस्तीस लाखांचा मुलूख, तीन कोटींची रक्कम, आणि खुद्द मुशीरुल्मुल्कला ओलीस म्हणून पुण्याच्या हवाली करायचे, असे ठरले.

भाच्याच्या हिशेबाने हा शंभरापैकी शंभर गुणांचा विजय. पण पुढची गोष्ट ऐका. २७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव वारले. गादीवर कोणाला बसवायचे यावरून नाना, परशुरामभाऊ पटवर्धन, दौलतराव शिंदे आणि त्यांचा कारभारी बाळोबा तात्या यांच्यात डाव-प्रतिडाव सुरू झाले. नानांना पुणे सोडून महाडला जावे लागले. त्यांना मित्र हवे होते, आणि एक मोठा मुत्सद्दी पुण्यात कैदेत बसला होता. ज्याने नानांचा अपमान केला त्याच मुशीरुल्मुल्काच्या मार्फत नानांनी निजामाशी संधान बांधले. ऑक्टोबर १७९६ च्या महाडच्या करारात खर्ड्याला मिळवलेले परत करण्याचे ठरले. ओलीस सुटला, वर आपल्या धन्याचा मुलूखही सोडवून घेऊन गेला.

खर्ड्याचा विजय अठरा महिन्यांत एका कैद्याने फिरवला. तो फिरला तो पुण्याच्या फुटीमुळे, हे खरेच. पण ती फूट जवळून पाहायला शत्रूचा सर्वांत हुशार माणूस आपणच पुण्यात आणून ठेवला होता. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे 'निजाम-पेशवे संबंध' आणि रियासतकार सरदेसाईंचे खंड वाचलेल्यांना ही हकीकत नवी नाही. मला नवे वाटले ते इतकेच की खेळाच्या नियमांत ती बसवायला गेल्यावर तिचे खरे महत्त्व कळले. तहाचे एक कलम म्हणजे एक जिवंत माणूस होता, आणि तो स्वस्थ बसला नाही.

'क्रुसेडर किंग्ज' नावाच्या खेळात राज्यांपेक्षा माणसे महत्त्वाची आहेत. त्यांचे स्वभाव, नाती, एकमेकांची उघडी न करण्याची गुपिते त्यात येतात. तो युरोपच्या मध्ययुगाकडे पाहून बनवला गेला, तरी आमच्या दख्खनच्या जास्त जवळ जातो. पटावरचा 'डिप्लोमसी' हा १९५९ चा जुना खेळ आणखी जवळचा. त्यात फासे नाहीत. सात खेळाडू कोपऱ्यात जाऊन बोलणी करतात, वचने देतात आणि ती पाळण्याचे बंधन कोणावर नसते. तिथे मुत्सद्देगिरी खरी वाटते कारण समोर माणूस असतो. संगणकाला तेवढे बोलता येत नाही म्हणून आकडा आला. २०२२ मध्ये हाच खेळ माणसांशी गप्पा करीत खेळणारा संगणक-कार्यक्रम मेटा कंपनीने तयार केला. तेव्हा ही सबब आता फार दिवस टिकणार नाही.

बोलण्याचा अधिकार

मुशीरुल्मुल्क हैदराबादेस परतून पुन्हा दिवाण झाला. त्याच्याच दिवाणगिरीत १ सप्टेंबर १७९८ रोजी निजामाने इंग्रज कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. खर्ड्याच्या वेळी गव्हर्नर जनरल शोअर याने निजामाला मदत नाकारली होती. आता वेलस्लीने फौज देऊ केली आणि तिचा खर्च, वर्षाला २४ लाखांहून अधिक, निजामावर टाकला. १८०० मध्ये त्या खर्चापोटी निजामाने टिपूकडून मिळालेला मुलूख कंपनीला तोडून दिला.

आमचे लक्ष पैशाकडे आणि मुलखाकडे जाते. मला या तहांतले दुसरे कलम अधिक महत्त्वाचे वाटते. कंपनीला आधी कळवल्याशिवाय आणि तिचा विचार घेतल्याशिवाय निजामाने दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावानेही हेच कबूल केले आणि निजामाकडच्या आपल्या येण्याचा निवाडाही कंपनीकडे सोपवला. १७२७ मध्ये निजामाने जी न्यायाधीशाची खुर्ची मागितली होती ती पंचाहत्तर वर्षांनी कंपनीला मिळाली. पुणे आणि हैदराबाद ऐंशी वर्षे भांडले, पण एकमेकांशी बोलून भांडले. आता ते बोलणेच बंद झाले. पेशवाई १८१८ मध्ये गेली. १८२२ च्या तहाने कंपनीने निजामाला चौथाईतून मोकळे केले. १७१९ ला दिल्लीत सुरू झालेला हिशेब एकशे तीन वर्षांनी तिसऱ्यानेच मिटवला. त्यानंतर १८५३ मध्ये फौजेच्या थकबाकीपोटी निजामाला वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आमच्या शेजारचा नळदुर्ग जिल्हा कंपनीकडे लावून द्यावा लागला. नळदुर्ग आणि रायचूर १८६० मध्ये परत आले.

मी भाच्याला म्हटले, तुमच्या खेळात सर्वांत जबर हत्यार कोणते असायला हवे माहीत आहे? दुसऱ्याचा वकील परत बोलावण्याचे.

आपण कोणाचे होतो

हे सारे एका खेळापुरते असते तर मी दिवाळी अंकाची पाने घेतली नसती. आमच्या भागात या प्रश्नाला धार आहे. मराठवाड्याच्या माणसाला निजाम म्हटले की १९४७-४८ आठवते. २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार, रझाकारांचे अत्याचार, सीमेवरच्या छावण्या, १७ सप्टेंबर १९४८. त्या आठवणी खऱ्या आहेत आणि त्या लढ्याचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण त्या एका वर्षाच्या चष्म्यातून आपण मागची सव्वादोनशे वर्षे पाहतो आणि ती दोन रंगांची करून टाकतो. मग विठ्ठल सुंदर कुठे बसवावा ते कळत नाही, आणि ज्या गावाने दोघांनाही वसूल दिला ते गाव कोणाचे, याचे उत्तर सापडत नाही. खेळ मुलांच्या मनात दोन रंग भरतो म्हणून मी कुरकुर करीत होतो. ते रंग आम्हीच त्याच्या आधी भरून ठेवले होते.

निलंग्याला जन्मलेले सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी कागद मराठीत आणून दुसऱ्या बाजूचे म्हणणे आपल्यासमोर ठेवले. ही वाट आमच्याच मातीतून निघाली आहे. ती पुढे नेणे आमचे काम होते.

वर्षभरात मी आणि भाच्याने मिळून चार नियम लिहिले. पहिला : प्रांताला रंग नाही, वाटे, आणि प्रत्येक वाट्याला वसूल करणारा माणूस. दुसरा : तह झाला की कलमे लगेच अमलात येणार नाहीत, प्रत्येक कलमाची पूर्तता हंगामागून हंगाम तपासली जाईल आणि अर्धवट राहिलेले कलम पुढच्या भांडणाचे कारण होईल. तिसरा : दुसऱ्याचे मत आकड्यात दिसणार नाही; वकिलाच्या पत्रातून कळेल, उशिरा कळेल आणि कधी चुकीचेही कळेल. ओलीस हाही खेळात एक माणूस असेल. चौथा नियम भाच्याने सुचवला. खेळात रयत दिसतच नाही, ती दिसली पाहिजे. दोन धन्यांनी एकाच हंगामात वसूल घेतला तर गाव उठून जाईल, आणि मग तहातला आकडा कागदावरच राहील.

हा नियम त्याला सुचला याचा मला आनंद झाला. निजाम जिंकला की पेशवे, या वादात माझ्याही लिखाणातून तो चौथा पक्ष निसटला होता. देशमुख-देशपांड्यांच्या रुमालांत मात्र तो जागोजाग सापडतो. फौजेच्या वाटेवर पडलेले पीक, बुडालेला पाडा, दुसऱ्यांदा मागितलेला पैसा, सूट मिळावी म्हणून केलेला अर्ज. तहाची खरी अंमलबजावणी तिथे होत होती.

नियम लिहून झाल्यावर मुलांनी कागदावर एक डाव खेळून पाहिला. एक जण पुणे, एक हैदराबाद, एक नागपूर, एक कंपनी. दोन तासांनी भाचा वैतागून म्हणाला, "मामा, ह्याच्यात जिंकायचं कसं मग?" मी म्हटले, नाना फडणिसांना जाऊन विचार. पण त्याचा प्रश्न बरोबर आहे. खेळ हा खेळ असावा लागतो आणि कोणीतरी जिंकावे लागते. त्यांनी तूर्त असे ठरवले आहे की शंभर वर्षांअखेर ज्याचे वकील अजून दुसऱ्यांच्या दरबारात बोलत असतील तो जिंकला. कागदावरच्या त्या डावात कंपनी झालेला मुलगा हरला, कारण बाकीच्या तिघांनी वेळीच एकमेकांशी बोलून घेतले. खऱ्या इतिहासात तसे झाले नाही.

तक्ता अजून माझ्या टेबलावर आहे. त्यात उदगीर, उरुळी, राक्षसभुवन, खर्डा, महाड अशा ओळी आहेत आणि 'ठरले काय', 'मिळाले काय', 'केव्हा', 'दिले कोणी' असे रकाने. पहिला रकाना छापील साधनांतून भरता आला. दुसरा आणि तिसरा थोडा थोडा भरतो आहे. चौथा जवळजवळ रिकामा आहे. नांदेड, कंधार, उदगीर, औसा, निलंगा, देगलूर या भागांतल्या जुन्या वतनदार घराण्यांत चौथाई-सरदेशमुखीच्या पावत्या, ताळेबंद किंवा सुटीचे अर्ज माळ्यावर पडून असतील. वाचकांपैकी कोणाकडे असे रुमाल असतील तर ते रद्दीत जाऊ देऊ नयेत. मोडी येत नसेल तरी चालेल. कोणालातरी दाखवावेत, निदान छायाचित्रे काढून ठेवावीत. साठ लाखांचा मुलूख कोणी जिंकला हे आपल्याला ठाऊक आहे. ते साठ लाख भरले कोणी, हे त्या कागदांतच आहे.